रुपराव टॉवेलवाल्याचे तारे

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं झाले टॉवेल-दुपट्टे विकून राहिलो मी, उमरेडचा माग, पक्का रंग, मे महिन्याच्या लग्नात नवरदेव घामानं चिंब झाला तरी दुपट्ट्याचा डाग त्याच्या सदऱ्याले लागला नाही कधी... अन् त्या मोबाइलात माझ्या नावापुढे काय? एक तारा! पाचापैकी एक. एकानं नाही, एकोणीस दुकानदारांनी दिला. अन् ते मिटत नाही म्हणते!

हे सगळं आमच्या भाच्याचं, जितेंद्रचं. नागपूरले मिहानमधे, कंपनीत कंप्युटरवर बसते तो. आला एक दिवस, चहा प्याला, म्हणे, मामाजी, ठोक मालाचा बाजार बनवून राहिलो, ब्लॉकचेनवर. मी म्हटलं बनव बाप्पा, जागा कुठं घेतली? म्हणे जागा नाही. दुकान? दुकान नाही. बरं, मालक कोण? म्हणे मालकच नाही! आता मालक नाही तं शटर कोण उघडते, तुम्हाले समजलं का? मले नाही समजलं. मंग त्यानं समजावलं, का मामाजी, लग्नाच्या पंगतीत तुम्ही जोरानं म्हटलं का भाजीत मीठ नाही, चारशे लोकांनी ऐकलं, आता कोणाकोणाच्या कानातून काढसान? तसं हाये हे. लिहिलं का लिहिलं, मिटत नाही. मी म्हटलं हे तं भांडणाचं काम झालं, यात बाजार कुठं आहे?

पण लालूच, काय सांगू... मले नवीन माग पाहिजे होता. रुंद, चादरीचा. जुन्यावर टॉवेलच्या वर पन्हाच निघत नाही. जितेंद्र म्हणे त्याचीबी सोय आहे, क्राउडफंडिंग. म्हणजे गावोगावचे दुकानदार थोडे थोडे पैसे टाकतीन, बदल्यात मंग चादरी घेतीन. तुळशीच्या लग्नापर्यंत मागाची किंमत भरली तं माग तुमचा, नाही भरली तं ज्याचे त्याले आपोआप वापस. फक्त नाव चांगलं पाहिजे, लोकं तारे पाहून पैसे टाकतेत. मी हासलो. अरे, रुपरावच्या नावाची काय काळजी!

मंग आले तारे. एक. एक. एक... कन्हानच्या मारोतरावनं बी एक! वीस वर्षांत दुसऱ्याचा टॉवेल दुकानात ठेवला नाही या माणसानं. मले जेवण गेलं नाही. तडक कन्हानले गेलो, म्हटलं मारोतराव, काहून गा, काय चुकलं माझं? तं ते मलेच येड्यात काढून राहिले. इकडंतिकडं पाहून, हळू आवाजात, "रुपराव, चांगल्या माणसाचा पत्ता कोणी सांगते का? पाच तारे दिले तं उद्या सारा बाजार तुमच्या दारात. मले माल उरन का?" म्हटलं, मंग त्या कृष्णकांतले पाच काहून दिले, त्याच्या टॉवेलनं तं बादली लाल होते. म्हणे, "म्हणूनच दिले. जाऊ द्या बाकीच्याले तिकडं."

अन् खरं सांगू? आमचं सूत रंगवणारा महादेवराव, त्याच्यासारखा रंग कोणाले जमत नाही... त्याले मी स्वतः एकच दिला होता ना! अन् ते मिटत नाही म्हणते.

पण गंमत ऐका. पैसे येऊ लागले! चंद्रपूर, गोंदिया, कोण कुठले, तोंड नाही पाहिलं त्यांचं. जितेंद्र डोकं खाजवून राहिला, म्हणे एका ताऱ्यावर पैसे येऊनच कसे राहिले? म्हटलं, अरे, तेबी दुकानदारच हाये! एकोणीस जण मिळून एका माणसाले लपवून राहिले, म्हणजे माणूस कसा असन! सहा दिवस बाकी अन् पाऊण माग झाला होता.

अन् आमची घरची, भागीरथा. तिले या धंद्याचं काय माहीत? मी जेवत नव्हतो, तेवढं तिनं पाहिलं. तारे द्याचे तं माल घ्या लागते, म्हणून बाईनं मनीषनगरच्या बहिणीच्या पत्त्यावर आपलेच डझनभर टॉवेल मागवले, मीच बांधून पाठवले, अन् दिले पाच तारे! खाली लिहिलं, 'शब्दाचा पक्का माणूस आहे.' खोटं काहून बोलू, डोळे भरून आले माझे. तीस वर्षांत तोंडावर असं नाही म्हटलं तिनं कधी.

दुसऱ्या दिवशी पैसे बंद. एक रुपया नाही. मारोतरावचा फोन, "रुपराव, खरं सांगा, मालात काय बिघडलं? पाच तारे कोण देऊन राहिलं तुम्हाले?" काय सांगू, घरचीनं दिले म्हणून? अन् इकडं ती भाकरी थापता थापता विचारते, "आता तं होईन ना माग?" म्हटलं, होईन वं.

दोन दिवस राहिले तुळशीच्या लग्नाले. तुमच्यात कोणी दुकानदार असन तं हात जोडतो गा... डझनभर टॉवेल घ्या, धुवा, अंग पुसा, रंग गेला तं जोडा हाणा मले. अन् मंग तिथं तोंडभरून वाईट लिहा माझं. बिनधास्त लिहा... मिटत नाही ते.