आंगातली भट्टी

सावंतवाडीच्या स्टँडवर आरोंद्याच्या बसची रांग होती. माझ्यापुढे मुलीची सोयरीक जमवायला निघालेले एक नवरा-बायको, दोघांच्या मधोमध एक भलामोठा फणस आणि त्यांच्यापुढे हायस्कुलातले विज्ञानाचे मास्तर.

"चेडवाच्या सोयरिकीक चल्लंव आणि तुमच्या तोंडाक दारूचो वास?"

"थेंब घेऊक नाय गो! फणस डोक्यार घेवन घाटी चढलंय. धाप लागली, वारो पुरलो नाय."

"मगे?"

"वारो कमी पडलो काय पेशी साखरेची दारू करतत. आपला चेडू कॉलेजचा पुस्तक मोठ्यान वाचता, ता ऐकूक नाय? आणि सकाळची च्या किती गोड केलंस!"

"ओ मास्तर, ह्या खरा?"

"अहो, दारू करतं ते यीस्ट. आपल्या पेशी प्राणवायू मिळाला की साखर पुरती जाळतात, त्यातून ताकद येते. प्राणवायू कमी पडला तर आम्ल होतं. दह्यात असतं तेच."

"ऐकलात? दही!"

"मास्तर, माजे पेशी शाळेत खंय गेले? तेंका दारूच करूक येता."

"बरा तर. व्याह्यांका तसाच सांगतंय. माज्या घोवाक धाप लागली काय आंगातच दारू तयार होता, म्हणान."

"असा सांगू नको गो! सोयरीक मोडतली!"

"मोडतलीच. व्याही काजूच्या दारूची भट्टी लावतत. चेडवाक नको म्हणतीत आणि तुमकाच ठेवन घेतीत."