घड्याळातलं पाखरू

दिग्रसच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

“हरिसिंगभाऊ, तुमच्या बबिताले पाहाले पाहुणे आलते म्हणे?”

“आलते. पण भिंतीवरच्या घड्याळाकडंच पाहत बसले. माह्या पोरानं जर्मनीहून आणलं ना. तिथले शेतकरी पहिले हिवाळाभर घरी बसून असे लाकडी घड्याळं कोरत म्हणते.”

“आपण पारावर बसतो.”

“दर तासाले दार उघडून पाखरू बाहेर येते अन् कुक्कू करते. पाहुण्यायले घाई होती, म्हून मीच काटा फिरवून बारावर आणला. बारा खेपा ओरडलं.”

“अन् बबिता काय बोलली?”

“तिले कोणी काही इचारलंच नाही.”

“मंग पसंती?”

“आली. पण लग्नात ते घड्याळ पायजे म्हणते.”

“देता का मंग?”

“कायले? पोरगी देऊन राह्यलो ना, नागोराव.”