डाव्या कुडीतला हिरा

हॅलो?… हो ताई, देवेशच. दुसरं कोण उचलणार माझा फोन?… दुकानातच आहे, मागच्या खोलीत. बोल, मालक जेवायला गेलेत.

काय दिलं?… कुड्या? सासूबाईंनी?… अगं, रडतेस काय?… बरं, हसतेस. ऐकू येतंय.

हो, हो… सात वर्षं झाली लग्नाला, माहीत आहे मला. आणि त्या कुड्या रत्नमालावहिनींच्या, थोरली सून म्हणून, असं तूच सांगायचीस ना? मग आता तुला कशा?… असं म्हणाल्या? ‘घर जी सांभाळेल, तिच्या कानात शोभतील’?

आला फोटो. उघडतोय…

थांब जरा. पाहू दे.

हो, रोझकटच. सात-सात हिरे, फुलासारखे बसवलेले… अगं, लखलखत नाहीत म्हणून ते हलके नसतात. खालून सपाट, वरून घुमटासारखे; विजेच्या दिव्यासाठी हे हिरे घडवलेलेच नाहीत, समईच्या उजेडासाठी घडवलेत. आजचा हिरा डोळ्यांवर धावून येतो. हा वाट पाहतो. तू मान वळवशील तेव्हा कुठं एखादा पैलू जागा होईल, आणि पुन्हा मिटेल… कविता नाही करत गं. रोजचं काम आहे माझं.

ताई, एक करशील? डाव्या कुडीची फिरकी काढ… असंच, कुतूहल. खिडकीपाशी जा. दांडीवर, फिरकी जिथं टेकते तिथं बघ. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघ… दिसतं काही?

ओरखडा?… उभा? आणि त्याच्या डोक्यावर?

टिंब.

…थांब, फोटो पुन्हा बघतोय.

पणजेसासूबाईंच्या? शंभर वर्षांपूर्वीच्या?… असं सांगितलं का त्यांनी. ताई, ऐक ना… नाही, आधी माझं ऐक… राजीनामा? कसला राजीनामा?

शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडतेस? अगं, पुढल्या महिन्यात तुला सुपरवायझर करणार होते ना?… सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, मान्य. पण वहिनी पुण्याला जाऊन बसल्या म्हणून एकट्या तूच?… म्हणजे कुड्या आधी हातात ठेवल्या, आणि मग विचारलं. आणि तू हो म्हणालीस.

पाठवलास का?… फक्त लिहून ठेवलाय? मग पाठवू नकोस.

कारण… कारण त्या कुड्या श्रावणातल्या आहेत. याच वर्षीच्या.

मी घडवल्या त्या, ताई.

थट्टा कशाला करू?… सिल्लोडच्या एका सोनारानं जुनी जोडी पाठवली होती, हुबेहूब दुसरी करून द्या म्हणून. गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं नव्हतं… हो, सासूबाईंचं माहेर सिल्लोडचं. आत्ता तू म्हणालीस तेव्हा आठवलं. अकरा दिवस ती जोडी माझ्या टेबलावर होती. नव्या कोंदणाची चांदी मी गंधकाच्या पाण्यानं काळी केली, कडा कापडानं झिजवल्या. शंभर वर्षं चढवायला मला चार दुपारी लागल्या… रेघ आणि टिंब माझंच. दुकान माझं नाव कुठंच घालत नाही, म्हणून फिरकीखाली तेवढं करून ठेवतो. प्रत्येक जोडीच्या डाव्या कुडीवर. कुणालाच ठाऊक नव्हतं.

हिरे? हिरे खरे आहेत. नवे, सुरतेचे… मग खोटं काय, असं विचारतेस? ताई, त्यांनी दिलं म्हणून जे सांगितलं, ते दिलंच नाही. एवढंच खोटं.

सांगू? त्या दिवसांत मी फार सुखात होतो. वाटायचं, ज्या कानांत या जातील ते कान कसे असतील. तुझे असतील, असं नव्हतं वाटलं.

ताई?…

कोण आलं?… ‘देवेश म्हणतो, अस्सल आहेत’? अगं, मी कधी म्हटलं असं?… सासूबाई आहेत का तिथं? बरं. बरं, गप्प बसतो… नको, त्यांच्याकडे फोन नको देऊस, ताई…

नमस्कार काकू… हो, ठीक आहे… हो, पाहिल्या फोटोत… घडण नाजूक आहे, खरं आहे… हो काकू. आता असे कारागीर कुठं मिळतात… मी? नाही हो, मी कुठला. मी आपला मागच्या खोलीत बसणारा… नाही, गुलमंडीचं दुकान मी सोडलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून शहागंजात आहे… हो. तेच दुकान. सिल्लोडहूनही कामं येतात आमच्याकडे.

…हॅलो? आहात ना?

फोन स्पीकरवर आहे का, काकू?… ताई जवळच उभी आहे?… मग एक विनंती करतो. वहिनींसाठी जी जुनी जोडी ठेवलीत, तिच्या डाव्या कुडीतल्या खालच्या हिऱ्याचा टवका उडालाय. कोंदणही सैल आहे, एखाद्या दिवशी हिरा पडेल. सिल्लोडला नका पाठवू ती. ताईच्या हाती द्या, मी नीट करून देईन.

हॅलो?… काकू?

ताई, फोन कुणी ठेवला?… तू, की त्यांनी?