रेवती मेली, पण मंगल हसली नाही

माझं नाव शकुंतला, पण त्या नावानं मला फक्त रेशनकार्डच ओळखतं, बाकी सगळीकडे शकूताई. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण गाव मला फारसं आठवत नाय, आठवतं ते जोगेश्वरी, पूर्वेला, टेकाडावरची आमची खोली. वडील मरोळला एका कारखान्यात पत्रे कापायचे आणि आई घरी ब्लाऊज शिवायची, आणि त्या ब्लाऊजला हुक लावायचं, काजं करायचं काम माझं, सहावीत होते तेव्हापासून. माझ्यानंतर दोन मुलं झाली ती राहिली नाहीत, मग मंगल झाली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई मशीनवर, म्हणून मंगल माझ्या काखेला. तिची वेणी मी घातली, शाळेचा युनिफॉर्म मी चढवला, विहारात लग्न लागलं तेव्हा पांढरी साडी मीच नेसवली तिला. बहीण कमी आणि लेक जास्ती असं झालं होतं ते. मला स्वतःला मूल नाय, नवरा लवकर गेला, तेव्हा जो काय जीव होता तो तिच्यातच.

मी सिरियलमध्ये ड्रेसचं काम करते, झाली आता वीस-एक वर्षं. म्हणजे बायकांना साड्या नेसवायच्या, ब्लाऊज ढिले-घट्ट करायचे, इस्त्री, पिना, सगळं. लोकांना वाटतं काय मजा असेल, रोज हिरॉइनी बघायच्या. काय सांगू तुम्हाला, मी हिरॉइनीच्या निऱ्या बघते, तोंड बघायला वेळ कुठे असतो. सकाळी वर्सोव्याला जायचं, बोटीत बसायचं, पलीकडे मढला उतरायचं, तिथं एका बंगल्यात आमचं शूटिंग. आणि ह्या कामाची गंमत अशी की आज दारात उभं राहिलेलं माणूस घरात यायचं ते आठवड्यानं, कारण घरातला सीन नंतर करतात, पण टीव्हीवर ते सलग दिसतं. म्हणून पदर कुठे होता, टिकली कुठली, बांगड्या किती, सगळं तसंच्या तसं लागतं. एक पिन चुकली तरी बोंब माझ्या नावानं. त्यामुळे मला सवयच लागली बघा, माणूस दिसलं की त्याच्या अंगावर काय, कसं, हे डोक्यात बसतंच, मुद्दाम नाय बघत मी.

तर ती जी शेवटची मोठी सिरियल केली, त्यात रेवती नावाची धाकटी सून होती. आधी अगदी लाडाची सून, भरजरी साड्या, बारा-बारा पिना लावायचे मी तिला. मग गोष्टीत काय झालं, नवरा दुसरीकडे गुंतला, सासूनं तिच्यावर चोरीचा आळ घेतला, आणि ती सासूच्याच झोपेच्या गोळ्या लपूनछपून खायला लागली. तिला हळूहळू उतरवत न्यायचं होतं, महिन्या दोन महिन्यांत. आमचे डायरेक्टर, त्यांना सगळे सर बोलतात, ते मला बोलले शकूताई, साडी थोडी थोडी जुनी करत चला. मी केल्या. चहाच्या पाण्यात बुडवल्या, काठ दगडावर घासले. पण सरांना पटेना. ते बोलले ही गरीब वाटते, बिघडलेली नाय वाटत. आणि रेवतीचं काम करणारी पोरगी, नाव नाय सांगत तिचं, गुणी आहे, तिनं माझा हात धरला आणि बोलली, ताई, अशी बाई खरी कशी असते गं, तू पाहिलीयेस का कधी?

आता मी काय सांगायला पाहिजे होतं? नाय पाहिली, एवढंच. पण मी पाहिली होती ना. माझ्या घरात होती.

मंगलला तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर सहा वर्षांनी आमच्या दारात आणून सोडलं होतं, मुलुंडहून, रिक्षातनं, आणि तो खाली उतरलासुद्धा नाय. आई-वडील तेव्हा नव्हते, मीच होते. ती रडली-भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती एकदम शांत झाली. मग खाणं सुटलं, बोलणं सुटलं. एकदा तर हातातनं जाता जाता वाचली, त्यातलं मी जास्ती नाय बोलणार, माझ्याच्यानं होत नाय. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, फार चांगल्या, त्यांच्या गोळ्यांनी ती थोडी थोडी माणसांत येत होती.

पण मंगल कधी घाणेरडी राहिली नाय, हेच तर लोकांना कळत नाय. रोज चार वाजता ती तयार व्हायची. साडी नेसायची, पावडर लावायची, पण ब्लाऊजचा एक हुक खालच्या काजात जायचा, मग सगळे हुक एकेक घर खाली, आणि वरनं एक काज रिकामं. तिला ते कळायचं नाय. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, इतकं घट्ट की बोट पांढरं पडायचं. आणि उंबऱ्यात उभी राहून बोलायची, येतेच हां मी. कुठे जायची नाय. तासभर उभी राहायची, मग आत येऊन साडीची घडी घालायची.

ते मी त्या पोरीला दाखवलं. नुसतं सांगितलं नाय, तिच्या अंगावर करून दाखवलं. हुक एक घर खाली लावला, पदर बोटाला गुंडाळला, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, येतेच हां मी. सर मागे उभे राहून बघत होते. सर बोलले, शकूताई, हेच पाहिजे होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मला वाटलं, माझ्या कामाची किंमत झाली. त्या वेळेला मंगलचा चेहरा डोळ्यासमोर आलाच नाय, हुकच आला.

मग काय, ती रेवती गाजली. बायका मढच्या बंगल्याच्या गेटपर्यंत यायच्या तिला बघायला. मोबाईलवर पोरी पदर बोटाला गुंडाळून येतेच हां मी करायला लागल्या, हसायला लागल्या. आमच्या गल्लीतल्या पण.

आणि मंगल रोज सातला ती सिरियल बघायची. दुसरं काय बघायची नाय, पण ती बघायची. एक दिवस बोलली, ताई, ही माझ्यासारखी करते गं. माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मी बोलले, सगळ्या दुखावलेल्या बायका तशाच करतात. ती बोलली, हो का, म्हणजे मी एकटी नाय. आणि तिला त्याचा आधार वाटायला लागला, खरंच सांगते. जेवायला बसायची सिरियल लागली की. गोळी न मागता घ्यायची. बोलायची, बघ ताई, ही सुधरेल, हिला कोणतरी दवाखान्यात नेईल, मग मी पण सुधरेन. मी हो हो करायची, पण गोष्ट कुठे चाललीय ते मला साड्यांवरनं कळत होतं. मला पुढच्या पंधरा दिवसांचे कपडे आधी सांगतात ना. आणि एक दिवस सांगितलं, रेवतीला आता कपडे नकोत, फक्त फोटोसाठी एक साडी काढा. भिंतीवरचा फोटो, हार घातलेला.

मी सरांकडे गेले. मी कधी कुणाकडे काय मागितलं नाय, पण गेले. बोलले, सर, तिला मारू नका, आजारी ठेवा, माहेरी पाठवा, कुठेपण पाठवा. सर हसले नाहीत, चांगला माणूस, पण बोलले, ताई, वरनं ठरलंय, माझ्या हातात नाय, आणि तुम्हाला एवढं काय झालं? कसं सांगणार, की माझ्या घरात एक बाई ह्या रेवतीच्या जिवावर जेवतेय.

आता आमच्या लाईनीतली एक रीत सांगते, तुम्हाला माहीत नसेल. कलाकारानं मेल्याचं काम केलं, किंवा त्याच्या फोटोला हार घातला, की शॉट संपल्यावर त्याला उठवून कॅमेऱ्यात बघून हसायला लावतात. ते टीव्हीवर दाखवत नाहीत. पण हसायचंच, आणि तोंड गोड करायचं, म्हणजे ते खोटं मरण त्याच्या अंगाला चिकटत नाय. कितीही शिकलेला असू दे, हसल्याशिवाय सेटवरनं जात नाय. आमची पोरगी पण हसली. भिंतीवर तिचा हारवाला फोटो, खाली ती, हातात पेढा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी, हातात पिनांचा डबा. आणि एकदम माझ्या मनात आलं, हिनं तर स्वतःवरचं काढून टाकलं. पण ते दारात उभं राहणं, ते बोट, तो हुक, हे हिचं कुठे होतं? ते मंगलचं होतं. मग मंगलवरचं कोण काढणार?

तुम्ही हसाल मला. आम्ही विहारात जाणारी माणसं, असलं काय मानायचं नाय असं वडिलांनी शिकवलेलं. पण वीस वर्षं जिथे भाकर खाल्ली तिथली भीती पण अंगात मुरते. ज्या दिवशी तो भाग लागणार होता त्या दिवशी मी लवकर निघाले, अंधेरीहून पाव किलो पेढे घेतले, आणि सहालाच घरी आले. मंगल तयार होऊन बसली होती. मी मोबाईल काढला, तिच्यासमोर धरला, आणि बोलले, मंगल, जरा इकडे बघून हस बरं. ती बोलली, कशाला? मी बोलले, हस ना, मग पेढा देते. ती बोलली, ताई, आज सहालाच आलीस, वर पेढे, काय झालंय खरं सांग.

आणि मी सांगून टाकलं. सगळं. रेवती आज मरणार आहे, आणि ती रेवती मी तुझ्यावरनं केली.

तिनं माझ्या हातातला मोबाईल काढून पालथा ठेवला. मग विचारलं, काय काय दिलंस माझं? मी बोलले, पदर. अजून? चार वाजता उभं राहणं. अजून? येतेच हां मी. अजून? मी तिच्या ब्लाऊजकडे बोट दाखवलं. तिनं खाली बघितलं. इतकी वर्षं तिला ठाऊकच नव्हतं की हुक चुकलेत. आणि मी, जी जगाच्या बायकांचे हुक लावते, मी ते रोज बघत होते आणि एकदाही पुढे होऊन नीट लावले नव्हते. त्या पोरीला मात्र बरोब्बर चुकवून लावले.

मंगलनं उभं राहून एकेक हुक काढला, एकेक बरोबर काजात घातला. मी हात पुढे केला तर माझा हात झटकला. आणि मग ती ओरडली, काय सांगू, ती लहानपणी पण कधी अशी ओरडली नव्हती. मी जिवंत आहे! मी मेले नाय, मला कशाला हसवतेस? गल्लीतल्या पोरी माझ्याकडे बघून हसतात ते मला वाटायचं मला भास होतात, मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं मला भास होतात! पेढ्यांचा पुडा तिनं भिंतीवर मारला. शेजारची वैशाली धावत आली. मंगल तिला बोलली, काय नाय, आम्ही भांडतोय.

सात वाजले. मला वाटलं टीव्ही लावणार नाय. तिनं लावला. पुरा भाग बघितला, हार घातलेला फोटो बघितला, आणि बोलली, हिला एकदापण कुणाचा राग कसा आला नाय गं. एवढंच. टीव्ही बंद केला आणि पाठ करून झोपली. मी तिच्याकडे बघत जागी राहिले. काय भीती वाटत होती ते वेगळं सांगायला नको.

सकाळी ती माझ्या आधी उठली. वैशाली मरोळला औषधाच्या बाटल्यांच्या पॅकिंगला जाते, तिच्याबरोबर निघून गेली, मला न सांगता. चार दिवसांनी मला वैशालीकडनं कळलं की कामाला लावून घेतलंय. दोन महिने आम्ही एका खोलीत राहिलो आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाय. चहा सुद्धा तिचा वेगळा. मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन रडले, तर त्या बोलल्या, गोळ्या घेते ना? मी बोलले, घेते. मग राग येऊ द्या, त्या बोलल्या, फार उशिरा आलाय तिला.

आता ती मरोळलाच राहते, कामावरच्या दोन बायकांबरोबर खोली घेऊन. गोळ्या चालू आहेत, आणि पूर्ण बरी झाली असं मी बोलणार नाय, काही दिवस वाईट जातात असं वैशाली सांगते. पौर्णिमेला विहारात भेटते. मी ताई म्हणून पुढे जाते, ती बरी आहेस ना विचारते आणि बायकांत जाऊन बसते. मी माफी मागितली, तीनदा. ती बोलली, मागू नको, मी माफ नाय करणार. मी काम सोडलं नाय, तेवढंच येतं मला, पण आता कुणी विचारलं की ताई, अशी बाई खरी कशी असते, तर मी बोलते मला ठाऊक नाय.

लोक बोलतात, अगं सख्खी बहीण, किती दिवस धरून बसेल, विसरेल. मी मनातल्या मनात बोलते, नको गं बाई, विसरू नको. ती शांत होती तेव्हा मी रोज सकाळी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे का. आता ती माझ्यावर रागावून सकाळी सातला डबा घेऊन कामाला जाते. तिचा राग शंभर वर्षं टिकू दे. मला दुसरं काय नको.