चटईखालचा सहावा

नाही, नाही, रजिस्टरला हात लावायचा नाही, मोएलांगी. हात मागे घे. रजिस्टर सरकारचं आहे, आणि या टेबलामागे सरकार म्हणजे मी. तुला काय हवंय ते तोंडानं विचार, मी तोंडानं सांगतो. अपघाताच्या रिपोर्टची नक्कल ना, तुझ्या भावाच्या? मग आधी तो भिंतीवरचा कागद वाच. हेड ऑफिसनं पाठवलाय — ‘लोकांचे नेहमीचे प्रश्न’. जो येतो त्याला वाटतं आपला प्रश्न जगावेगळा. कसला जगावेगळा! वीस वर्षं या काउंटरला बसलोय, लोक तेच ते घेऊन येतात. शेजाऱ्याचं डुक्कर माझ्या तारोच्या वाफ्यात शिरलं, काय करू? — डुकराचा निवाडा गावची पंचसभा करते, पोलीस नाही. न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जायचंय, चारित्र्याचा दाखला कुठे मिळतो? — इथेच मिळतो, मीच देतो, आणि कुणाचं चारित्र्य कसं आहे ते मला अर्ज न वाचताच माहीत असतं. आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न — साहेब, फोन केला होता, तुम्ही आलात का नाही? त्याचं उत्तर एकच. गाडी नव्हती.

रिपोर्टात काय आहे ते मीच सांगतो, नक्कल कशाला पाहिजे तुला, उशाला घेऊन झोपणार आहेस? शनिवार. ओढ्याजवळचं वळण. तुझा भाऊ तौइलो नारळांची कावड घेऊन रस्त्याच्या कडेनं चालला होता, फालानिकोच्या ट्रकनं त्याला मागून उडवलं. ट्रक ओढ्यात, फालानिको भेदरून घरी पळाला. पोलीस ठाण्यात फोन आला बारा चाळीसला. जागीच मृत्यू. खाली माझी सही. संपलं. — कोण म्हणतं अकराला? वाइओला? वळणावरची दुकानवाली वाइओला? अगं, ती बाई साबण मागितला तर माचिस देते, तिच्या घड्याळावर तू सरकारी रजिस्टर खोडायला निघालीस? तीन फोन केले म्हणते? केले असतील. लोकांना हौस असते. उचलली जीभ लावली टाळ्याला, उचलला फोन लावला पोलिसाला.

गाडी कुठे होती म्हणजे? कामाला होती. सरकारी गाडी सरकारी कामालाच — आणि एक, मघापासून बघतोय, तू मला सार्जंट, सार्जंट म्हणतेयस. गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं. आता सालेमुता म्हणायचं. माझ्या आजोबांचा, घराण्याच्या प्रमुखाचा किताब तो, ते गेल्यावर तीस वर्षं नुसता भिजत पडला होता, तीन चुलत्यांनी भांडून भांडून दिला नाही कुणाला, आणि शेवटी त्या शनिवारी — हो, त्याच शनिवारी, मग काय झालं? तुझ्या भावाला विचारून दिवस ठरवायचा होता का मी? अठरा डुकरं, तांब्याच्या रंगाच्या चाळीस मानाच्या चटया, डबाबंद मासळीच्या पेट्या — हे सगळं काय डोक्यावर वाहून नेऊ? ठाण्याची पिकअप होती, नेली. सगळेच नेतात. आणि आपल्याकडची रीत तुला माहितीय, का तीही मीच शिकवू? गाडीतली एकेक चटई उतरवताना कुणी आणली ते नाव पुकारायचं, वाहवा करायची, मग दुसरी. अर्ध्या चटया उतरल्यात, डुकरं अजून गाडीत, आणि मी म्हणू, थांबा हो, गाडी हवीय, वळणावर कुणी पडलंय? पाहुणे तिथल्या तिथे उठून गेले असते. आणखी तीस वर्षं किताब गेला असता माझ्या घरातून.

आणि पहिला फोन आला तोच मुळी माझा पेला आला तेव्हा. कावाचा पेला — किताब मिळाल्यावर प्यायचा तो पहिला पेला — हातात घेतलाय, सगळी सभा गप्प, आणि खिशात ठाण्याचा फोन वाजतोय. उठेल कुणी? तुझा बाप उठला असता? मी वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा भाषण चाललं होतं माझ्या मामाचं, मामाचं भाषण म्हणजे आदम-हव्वेपासून सुरुवात, तेवढ्यात हळूच उचलला, म्हटलं, गाडी नाही. खोटं बोललो का? रिकामी नव्हती म्हणजे नव्हतीच. आणि तुला सांगतो, तुझा भाऊ काही ओरडत-बिरडत नव्हता गं. शुद्धीवर होता, वाइओलाला म्हणाला पाणी दे, तिनं दिलं, मग विचारत होता माझे नारळ कुणी गोळा केले का —

काय झालं? असं काय बघतेस?

बरं. ठीक आहे. तुला ‘जागीच’ सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. मग काय सांगायचं होतं, दीड तास? घरात म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला, त्याला जाऊन सांगू, तुमचा पोरगा दीड तास रस्त्यावर पडून होता, शेवटी बस आली, बसमध्ये घातला आणि दवाखान्याच्या फाटकाशी गेला? मी दया केली तुमच्यावर. दवाखाना वीस मिनिटांवर आहे, मला माहितीय वीस मिनिटांवर आहे, तू कशाला सांगतेस, त्या रस्त्यानं मी रोज जातो.

तक्रार? कुणाविरुद्ध, माझ्याविरुद्ध? कर ना. तोही प्रश्न आहे कागदावर, सगळ्यात खाली बघ — ‘पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करावी?’ ठाण्याच्या प्रमुखाकडे. ठाण्याचा प्रमुख कोण? वाच, पाटीवर आहे. अर्ज माझ्याकडे मिळतो, मीच घेतो, चौकशीही मीच करतो, आणि निकाल तुला पत्रानं कळवतो. हो, आणि तुझा स्वतःचा एक अर्ज माझ्या टेबलावर आहेच की! चारित्र्याचा दाखला, न्यूझीलंडच्या बागेसाठी. महिना झाला पडून. मी म्हटलं, घरात दुःख आहे, घाई कशाला करायची.

राजधानीला जाशील? जा. सकाळची बोट आहे. तिथे मोठ्या साहेबापुढे उभी राहशील, रडशील, आणि तो एकच प्रश्न विचारेल, आपल्यातलाच आहे तो — चटई उचलली होती का, माफी दिली होती का? काय सांगशील? उचलली ना? सगळ्या गावादेखत उचललीस. फालानिकोची माणसं सोमवारी उजाडताच तुझ्या दारात येऊन गुडघ्यांवर बसली होती, खाली मान, डोक्यावरून मानाची चटई ओढलेली. ऊन चढलं तरी कुणी हललं नाही. तुझी काकी धोंडा घेऊन उभी — तो धोंडा मला चटईच्या विणीतून दिसत होता. मारला असता तर तिला कुणी अडवलं नसतं. आणि मग तू बाहेर आलीस. मोठी बहीण, बापाच्या जागी. आणि काय म्हणालीस, आठवतंय? म्हणालीस, माझा भाऊ तडफडला नाही, क्षणात गेला, देवानं एवढी दया केली तर आम्ही का नाही करणार. आणि उचललीस चटई.

हो, दिसत होता म्हणालो. खालूनच दिसणार ना, मी खाली होतो. तुला माहीतच आहे की! पाच त्यांच्या घरातले आणि सहावा मी. फालानिको माझ्या बायकोचा चुलतभाऊ, सगळ्यांना वाटलं नात्याखातर बसला. बायका तर रडायलाच लागल्या — बघा गं, सार्जंट असून गुडघ्यांवर बसला, केवढं मोठं मन! पास्टरनं पुढच्या रविवारी प्रार्थनेत नाव घेतलं माझं. तू मला हाताला धरून उठवलंस. आत नेलंस, कोको दिलास — साखर कमी होती, पण दिलास. मी म्हटलं का, मी कशासाठी बसलोय? मला कुणी विचारलं? चटई विचारत नाही, बाई. चटईखाली जो आहे तो सुटला. आता तू म्हणशील, मला ठाऊक नव्हतं तू कशाची माफी मागतोस. ते तू आधी विचारायचं होतंस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भीती होती मला, खोटं कशाला बोलू. दोन रात्री झोपलो नव्हतो. वाइओला कुणाला तरी बोलणार, मग काकीचा धोंडा माझ्या दारात येणार. किताब घेऊन आठवडा नाही झाला आणि लोक तोंडावर थुंकणार. बायकोच म्हणाली, बस जाऊन त्यांच्यात, कोण बघतंय. हुशार बाई. तेव्हापासून माणूस कसा निवांत झोपतो म्हणून सांगू!

परत? माफी परत घ्यायची? मोएलांगी, तू शुद्धीवर आहेस ना? तुझ्या घराण्याचा शब्द दिला गेला तो तेव्हाच. मोठी बहीण म्हणून दिलेला शब्द तू मागे घेतलास तर तुझ्या बापाला पंचसभेत बसायला जागा उरणार नाही, गावाबाहेर काढतील तुम्हाला, आणि काढायला गाडी लागली तर गाडी माझीच येईल. त्या वेळी मिळेल हो गाडी.

काय पुटपुटतेस? मोठ्यानं बोल. — तिसरा फोन? तुला कुणी सांगितलं तिसऱ्यात काय झालं? नाही ना सांगितलं? मग मीच सांगतो, म्हणजे एकदाचं मिटेल, नाहीतर उद्या परत येशील. तिसरा फोन वाइओलानं केला, पण ती बोलली नाही. तिनं फोन त्याच्या कानाला लावला. मला काय माहीत, मी नेहमीसारखं ‘पोलीस’ म्हटलं. तर हा बोलला. आवाज अगदी बारीक. साहेब, मी तौइलो, मोएलांगीचा भाऊ — तुझं नाव सांगितलं, आपलं कुणी ओळखावं म्हणून सांगतात तसं. म्हणाला, गाडी येतेय का? आता तूच सांग, समोर सभा बसलेली, आणि अशा माणसाला काय ‘नाही’ म्हणायचं असतं? मी म्हटलं, निघाली, तौइलो. निघालीय गाडी, पोचतेच आहे, तू पडून राहा. तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मग बसमध्ये नका घालू मला, मी थांबतो. आणि थांबला. एक बस आली होती, पावणेबाराला, ती त्यानं जाऊ दिली, वाइओला सांगत होती. मी सांगितलं म्हणून थांबला. एवढा विश्वास.

चल, हो बाजूला. काउंटरला टेकून उभं राहायचं नाही. बाजूला हो म्हणतो ना, मागे लोक उभे आहेत — या, या पास्टरबाई, तुम्ही कशाला उन्हात ताटकळलात? निरोप पाठवायचा, मीच आलो असतो घरी. खुर्ची घ्या. बोला, काय काम होतं?