पोरगा कुटल्या लाईनला हाय?

...त्या दगडावर नका बसू भाऊ, तो हालतो, हितं बाकड्यावर बसा. काकडी देऊ का सरबत? सरबतच घ्या, तिकोणा पेठेवरनं गाडीवर आलाय म्हनताय, घसा वाळला आसंल. आन् काय इचारलं तुमी — धम्मदीप? गोरख गँगमनचा धम्मदीप? वळखते की. लेन्याच्या पायरीला दुकान मांडून बसायचं आन् भाजं गाव वळखायचं न्हाई, आसं कसं चालंल? भाचीसाठी बघताय व्हय. मग बरं केलं, घरी जायच्या आदी बाहेर इचारलं. पद्धतच हाय ती. गावाच्या तोंडाशी जे पयलं दुकान लागंल तितं बसायचं, कायतरी प्यायचं आन् हळूच इचारायचं. आमी बी तसंच करतो. घरच्यांना कायच कळत न्हाई, आन् कुनाचा मान बी जात न्हाई.

आता पोरगा कुटल्या लाईनला हाय म्हनताय — तर कुटली लाईन सांगू तुमाला? त्याचा बाप गोरख, तो लाईनीवर होता. मळवलीपासनं कामशेतपातुर रूळ बघत चालायचा, खांद्यावर हातोडा, पावसात डोक्यावर प्लास्टिक. चांगला मानूस होता, गेला आता. घोरायचा लय. — मला कसं म्हाईत? गाव ल्हान हाय भाऊ. तर तवा लाईन म्हंजे ती एकच, रुळाची. पोराला म्हनलं लाईनीकडं जाऊ नको, तर पोराला कळायचं. मग इजेची आली. लाईन गेली, लाईन आली, लाईनमनला फोन लाव — तो उचलत न्हाई, ते सोडा. मग पान्याची लाईन टाकली, ती फुटली की रस्त्यावर पानी आन् नळाला हवा. शनवार-आयतवार हितं तिकिटाला लाईन लागती, त्यात पुन्याची मान्सं भांडत्यात, आन् त्याच लाईनीत उभी राहून पोरं पोरींवर लाईन मारत्यात. लेनी एवढी जुनी, भिक्कू ध्यानाला बसायचे तितं, आन् ह्यांचं हे. एक शबुद, आन् आख्ख्या गावाची हमाली त्याच्या डोक्यावर.

व्हय व्हय, पोराचंच सांगते. पोरगा कंपनीत लाईनला होता, नवलाख उंबऱ्याकडं. गाड्यांचे दिवे जोडायची लाईन. पट्टा फिरतो आन् मानूस उभा. — होता म्हनले का मी? हाय. होता बी आन् हाय बी. ती लाईन कंपनीनं उचलून दुसरीकडं नेली आन् पोरांना म्हनले, घरी बसा, बोलावू. बोलावलं न्हाई. मग बसला तो घरी. पन आता लागलाय परत, दुसऱ्या कंपनीत, परमनंट — परमनंट न्हाई, करारावर हाय. हे मी सांगनार न्हवते. सरबतात मीठ कमी हाय का? बरं हाय म्हनता? मग बरं हाय.

दारू न्हाई, तंबाखू न्हाई. राग येतो, पन आतल्या आत येतो. आन् आई — आई कशी हाय म्हनताय? बाई चांगली हाय. जरा फटकळ हाय, पन पोटात काय ठेवत न्हाई. सुनंला नांदवंल का? नांदवंल की, न नांदवायला काय झालं? कामाला वाघीन हाय. दिसायला बी बरी होती, आता उन्हात बसून बसून जरा रंग गेला. आन् तिच्या हातची जवसाची चटनी तुमाला आख्ख्या मावळात मिळायची न्हाई, हे मी लिहून देते.

चटनीवरनं आठवलं. ही लाईन कुटनं आली म्हाईत हाय का तुमाला? जवसातनं. हसू नका, खरं हाय. आपन जवस भाजून कुटून खातो. तिकडं सायबाच्या मुलखात त्याच्या काड्या पान्यात कुजवत्यात, झोडपत्यात आन् आतनं दोरा काढत्यात. जवसाला तिकडल्या जुन्या भाषेत लिनुम म्हनायचे. त्याच्या कापडाला लिनन, आन् दोऱ्याला लाईन. आपला गवंडी भिंत सरळ यावी म्हनून दोरा ताणतो का न्हाई? तसा तिकडं बी कुनीतरी ताणला आसंल, आन् मग त्या दोऱ्यावानी जे जे सरळ गेलं त्याला लाईनच म्हनाय लागले. रूळ काय, तार काय, मान्सांची रांग काय. कोटाला आतनं अस्तर लावत्यात, त्याला लायनिंग म्हनत्यात — ते बी ह्याच कापडाचं लावायचे म्हनून. मला कुनी सांगितलं? रेणुकानं. रेणुका म्हंजे — हाय एक पोरगी. इंग्रजी घेऊन बी. ए. झालीया आन् दिवे जोडायला उभी राहिली. धम्मदीपच्या शेजारीच उभी असायची, पट्ट्यावर. तिनंच सांगितलं, माझ्यासंगं चुलीम्होरं बसून जवस भाजत होती तवा.

कुनाच्या चुलीम्होरं म्हनताय?

माझ्याच. व्हय, मीच त्याची आई. सरूबाई म्हनत्यात मला. गिलास खाली ठेवू नका, त्यात काय कालवलं न्हाई. आदी का न्हाई सांगितलं? तुमी इचारलं, गोरखच्या पोराला वळखता का. वळखते म्हनलं. त्यात खोटं काय हाय?

आता बसलाच हाय तर ऐका. पोराचं काम गेलं तवा तो आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला. जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. मी दाराशी बसायची, आत जायचं भ्या वाटायचं. सकाळी उठले की आदी त्याचा श्वास बघायची. मग ही रेणुका यायला लागली, शिफ्ट सुटली की; तिला दुसऱ्या लाईनीवर घेतलं होतं. त्याच्याकडं गेलीच न्हाई. माझ्याजवळ बसायची, हातातलं काम घ्यायची आन् कायबाय सांगायची, पन लय मोठ्यानं. मला वाटलं, पोरगी बहिरी हाय का काय. त्या दिशी जवस भाजता भाजता हे लाईनीचं सांगितलं, दोरा, रूळ, तार, सगळं. आन् आतनं आवाज आला, "लायनिंगचं बी सांग तिला."

तवा मला कळलं, ती मला न्हवतीच सांगत. भिंतीपल्याड ऐकू जावं म्हनून वरडत होती. कितीक दिसांनी पोराचा आवाज ऐकला म्या. मला रडू आलं. चूल धुपती म्हनून सांगितलं तिला. तिनं लायनिंगचं सांगितलं आन् घरी गेली. रातच्याला पोरगा भाकर मागून जेवला.

मग अडचन काय म्हनताय? तिचं एकदा लगीन झालंय. मोडलं. नवरा मारायचा, ही निघून आली. धम्मदीप म्हनला, आई, मला हिच्याशी करायचं. आन् घरात बाबासाहेबांचा फोटो हाय, त्या फोटोखाली बसून म्या म्हनलं, मोडून आलेली नको. पोरगा फोटोकडं बघत राह्यला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्याच मदल्या मान्साला सांगून तुमच्याकडं स्थळ धाडलं, त्याला न इचारता. म्हनलं, नवी पोर दारात आली की हे इसरंल. चैताली नाव हाय ना तुमच्या भाचीचं? फोटो बघितला म्या. गोड हाय पोरगी. तिचं काय चुकलं? उद्या हितं आली, तर तो तिला तरास देनार न्हाई, मारनार न्हाई — तोंड फिरवून भिंतीकडं झोपंल फकस्त. तुमाला चालंल का? मला न्हाई चालनार. मगाशी तुमी सुनंला नांदवंल का इचारलं, तवर मला ठावं न्हवतं, पन न्हाई चालनार.

आसं करा भाऊ. तुमच्या घरी सांगा, चौकशी केली, पोरगा करारावर हाय आन् आई लय भांडकुदळ हाय, पोर सुखात राहायची न्हाई. भांडकुदळ जोरात म्हना, लोकांना पटतं. तुमच्या पोरीच्या नावाला धक्का लागत न्हाई, माझ्या पोराचं कुटं नाव निघत न्हाई. माझं निघंल, निघू द्या. — न्हाई, पैसं नकोत. ठेवा ते. खिशात घाला म्हनलं ना.

आता निघा. उतारावर गाडी सावकाश न्या, खडी पडलीया. — बसलाय काय आजून? जा की भाऊ. मला पोराला फोन लावायचाय, आन् ते तुमच्याम्होरं व्हायचं न्हाई माझ्याच्यानं.