भय्यासाहेबांचे आठ पास

नाही, पण मला सांगा, हॅकिंग शिकले म्हणजे काय मी डाका घालायला शिकले? ज्याला बघावं तो... परवा नणंदेचा फोन, मीनाताईंचा, देवासहून, ‘वहिनी, आमच्या इशितासाठी एक मुलगा बघतोय गं, त्याचा मोबाइल जरा आतून बघून दे ना, फक्त दोन मिनिटं!’ आतून बघून दे! मोबाइल आहे की कलिंगड? मी म्हटलं, मीनाताई, त्या मुलाची लेखी परवानगी आणा, मग बघते. तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. नका बोलू! एथिकल ना मी!

एथिकल हॅकिंग, पूर्ण नाव. मतलब, ज्याचं घर त्यानेच बोलवायचं, या बाई, आमची कुलपं उघडून दाखवा, मग आपण उघडायची, कुठलं कुलूप कच्चं ते लिहून द्यायचं, आणि घरात काय काय दिसलं त्याबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. पहिल्याच धड्यात लिहिलंय. आणि ते पुस्तक! टावर चौकातल्या दुकानात मागितलं तर दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघतो, ‘बच्चे के लिए चाहिए?’ म्हटलं, मेरे लिए. तर म्हणतो, ‘आंटी, ये बहुत मोटी है, सिलाई-कढ़ाई की नई आई है, वो दिखाऊँ?’ घेतलं ते जाडंच घेतलं! आणि उशाला नाही हो, वाचायला!

तुम्ही म्हणाल, या वयात कशाला ही झंझट? अहो, अक्कांसाठी! अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी पुण्याहून पाहुणे यायचे होते, आणि तुम्ही राग मानू नका, पण उज्जैनला येणारा पाहुणा आधी महाकालाच्या भस्म आरतीचे पास मागतो आणि मग कसे आहात विचारतो... तर बिचाऱ्या अक्कांनी फोनवर आलेली कसलीशी पासाची लिंक दाबली आणि पैसे गेले. गेले तर गेले! पण आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब, त्यांनी कोजागिरीला, भर माइकवर, ‘आपल्यातल्याच एक अक्का, हं, आडनाव घेत नाही, तीर्थाच्या मोहात फसल्या! बायकांच्या हातात फोन दिला की असंच व्हायचं!’ अख्खा हॉल हसला. अक्कांनी हातातलं दूध तसंच खाली ठेवलं. तेव्हापासून मंडळात पाऊल नाही, भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही, फोन कपाटात. जी बाई लग्नापासून रोज मला भाजीत मीठ कमी म्हणून सुनावत आली, ती गप्प बसली हो! मला नाही ते सहन झालं. म्हटलं, भय्यासाहेब, थांबा तुम्ही!

शिकले. पहिलं टूल चालवलं घरच्याच वाय-फायवर, तेसुद्धा यांची कागदावर सही घेऊन, हे म्हणजे अनिल, बँकेत आहेत, सही करायच्या आधी तीनदा वाचतात... आणि चहाला उकळी यायच्या आत पासवर्ड बाहेर! जयमहाकाल, पुढे एक दोन तीन. आता उज्जैनमध्ये दुसरा असणार तरी काय कुणाचा? आमच्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याचं फुकट इंटरनेट माझ्या मुठीत! वापरलं? बिलकुल नाही! एथिकल ना मी!

आणि परीक्षा... घरून द्यायची, कॅमेऱ्यासमोर, पलीकडे कुठेतरी एक बाबा टक लावून बसलेला, खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. दार लोटलं, कुकर बंद केला, डोअरबेलचं बटण काढलं... आणि अर्ध्या पेपरात अक्का! सून सकाळपासून उपाशी म्हणून साबूदाण्याची खिचडी घेऊन! स्क्रीनवर लाल अक्षरं, रद्द! अक्का एवढंच म्हणाल्या, ‘माझ्यामुळे का गं?’ तुम्हाला सांगते, त्या वाक्यावर मी पुढचे महिने अभ्यास केला. इथल्या देवास गेटच्या स्टँडवरून बस पकडून इंदूरला सेंटरवर जाऊन पुन्हा दिली. पास!

मग गेले भय्यासाहेबांकडे. म्हटलं, मंडळाची सुरक्षा तपासून देते, फुकट, फक्त लेखी परवानगी द्या. कंप्यूटर तपासणार आणि कार्यकारिणीची माणसंही तपासणार, सगळं यात लिहिलंय, वाचून सही करा. ‘अगं, सरकारी नोकरीत जन्म गेला माझा सह्या करण्यात! आम्हाला कोण फसवतंय!’ न वाचता ठोकली सही.

मी फसवलं! मेसेज धाडला, व्हीआयपी कोट्यातून भस्म आरतीचे पास, इथे दाबा. खोटेपणा असा ठासून भरला की शेंबड्या पोरालाही कळावं. कार्यकारिणी अकरा जणांची, अकराच्या अकरांनी दाबलं! भय्यासाहेबांनी तर आठ वेळा, नागपूरहून व्याही येणार, आठ माणसं! आणि हे मी सांगितलं का कुणाला? ना यांना, ना अक्कांना. पोट फुगायची वेळ आली, पण एथिकल ना मी!

मग मंडळात माझं व्याख्यान. अक्कांना ओढून नेलं, त्या शेवटच्या रांगेत, पदर तोंडाशी. मी सांगितलं, आपल्यातल्या अकरा जणांना खोटी लिंक पाठवून बघितली, अकराही फसले. तर भय्यासाहेब ताडकन उठून, माझ्या हातातला माइक घेऊन, ‘शरमेची बाब आहे! नावं सांगा! नावं बाहेर आलीच पाहिजेत!’ जिभेच्या टोकावर होतं हो... ती कोजागिरी आठवली, ते दूध आठवलं... नाही सांगितलं! म्हटलं, नावं गुप्तच राहतील. फक्त लिंक कसली होती ते सांगते, भस्म आरतीच्या पासाची.

आणि भय्यासाहेब, माइक अजून तोंडाशीच, ‘मतलब... माझे आठ पास येणार नाहीत? अगं, व्याह्यांची रिझर्वेशनं झालीत!’

काय हशा, काय हशा! आणि शेवटच्या रांगेतून अक्का, खणखणीत, ‘असू द्या हो भय्यासाहेब, तीर्थाचा मोह! पुरुषांच्या हातात फोन दिला की व्हायचंच!’ मग पुढे आल्या, भय्यासाहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या, आणि स्वतःच्या वाटणीचा चहाही त्यांना दिला. मला रडूच आलं. रात्री जेवताना म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण व्याही थोडेच थांबतात? दुसऱ्या दिवशी भय्यासाहेबांचा फोन, ‘अपर्णा, तू एवढी शिकलेली, पासांचं तेवढं बघ ना गं!’ मी नाही म्हणणार, तेवढ्यात कोण बोललं? माझ्याच सासूबाई! ‘लागेल की ती लाइनीत, तिला काय!’ म्हणून ही मी इथे, पासांच्या लाइनीत, सकाळपासून, तुमच्या मागे उभी. आता बघा, तिकडची दोरी सैल आहे, गार्ड चहाला गेलाय, त्या खांबाआडून गेलं तर थेट खिडकी... सगळ्या फटी दिसतायत मला, शिकलेय ना! सरका काका, लाइन हलली, सरका पुढे... एथिकल ना मी!